हेडबाईंचा डावा पाय

४ फेब्रुवारी, मंगळवार

यंत्र आलं एकदाचं. एका खोक्यात इस्त्रीएवढा कॅमेरा. तो पायाभोवती फिरवला की कॉम्प्युटरवर पाय उमटतो. दुसऱ्या खोक्यात काचेचं कपाट. त्यात प्लास्टिकची तार वितळते, थरावर थर चढतात आणि चौदा तासांनी वाटी तयार होते. पुतण्या दिवसभर त्या कपाटासमोर देव्हाऱ्यासमोर बसावं तसा बसून होता.

आमच्या घरात तीन पिढ्या कृत्रिम पाय बनतात. त्यातला नळी, पाऊल, स्क्रू हा सगळा माल बाजारात तयार मिळतो. वाटी मिळत नाही. कापल्यावर उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी ज्याची त्याला करावी लागते. ती बसली तर माणूस चालतो, नाही बसली तर पाय कोपऱ्यात उभा आणि माणूस खुर्चीत. आजोबा ती लाकडात कोरायचे. अण्णा चामड्यात शिवायचे. मी प्लास्टर आणलं. प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावर तापवलेल्या प्लास्टिकची वाटी ओढायची, मग आतून कानशीने बेताबेताने घासायची. अण्णा तेव्हा दोन वर्षं माझ्याशी धड बोलले नव्हते. "पिठाची गिरणी काढ त्यापेक्षा," म्हणायचे. पण ते वेगळं होतं. प्लास्टर चांगलं होतं.

भावाला विचारलं, "तुला पटतंय हे?" तो म्हणाला, "ताई, तुझंही बरोबर आहे आणि त्याचंही." साठी आली तरी माणूस कुंपणावरून खाली उतरायला तयार नाही. एक दिवस कुंपणच मोडेल याच्या वजनाने.

६ फेब्रुवारी

चहावाल्याने ग्लास बदललेत. हल्ली कसली जाड काच वापरतो कोण जाणे, हाताला गारच लागतात, आणि घोट घेतला की जीभ पोळते. भाऊ मात्र रुमालात धरून फुंकर मारत बसला होता. लहानपणापासून नाटकी.

दुपारी स्टेशनरीवाली धापा टाकत दुकानात आली. हातात माझी डावी चप्पल. म्हणे, "कोपऱ्यावर पडली होती. तुम्ही तशाच पुढे चालत आलात." चपलासुद्धा आता अशा करतात की चार पावलं साथ देत नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

हेडबाई आल्या. मुलींच्या शाळेत एकोणीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, म्हणून हेडबाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी आत आल्या की भाऊ उभा राहतो. नऊ वर्षांपूर्वी साखरेने त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. नवा बूट चावला होता, फोड आला, चिघळला. यांना पत्ताच नाही, कारण पायाला काही लागतच नव्हतं. मी तेव्हा त्यांना जे सांगितलं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते: साखर आधी जाणीव नेते, मग पाय नेते. दुखत नाही म्हणून खूश होणारी माणसं माझ्याकडे लंगडत येतात. डोळे उघडे ठेवले असते तर आलीच नसती.

बाईंचं वजन उतरलंय, जुनी वाटी सैल झाली. मी प्लास्टर भिजवायला घेतलं तर म्हणाल्या, "या वेळी मुलाच्या यंत्राने करून बघू. ओलं प्लास्टर घेऊन अर्धा तास ताटकळणं आता होत नाही."

पुतण्याने दोन मिनिटांत कॅमेरा फिरवला. पायाला हातसुद्धा लावला नाही. मी आधी दोन्ही हातांनी पाय धरते. कुठे हाड वर आलंय, कुठे मांस मऊ आहे, ते बोटं सांगतात. चाळीस वर्षं मला बोटांनी सांगितलंय. याला पडदा सांगतो.

"हाड कुठे आहे ते तुझ्या टीव्हीला कळलं का?" मी विचारलं.

"कळलं, आत्या. तिथे चार मिलिमीटर जागा सोडलीय."

"चारच का? पाच का नाही?"

"चार पुरतात."

पुरतात म्हणे. याने आयुष्यात किती पाय हाताळले, तर स्वतःचे दोन.

१२ फेब्रुवारी

कपाटातून वाटी निघाली. वरून खवल्या-खवल्यांची, मासोळीसारखी. आत बोटं घालून पाहिली. नडगीच्या बाजूला घट्ट आहे, मी शपथेवर सांगते. पुतण्याला म्हटलं. तो म्हणाला, "आत्या, तू मोजून बघ ना." मोजायचं कशाला? भाताला चव आहे की नाही हे कोणी पट्टीने बघतं का?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बापलेक जेवायला घरी गेले. मी डबा आणला होता. वाटी टेबलावर होती. अर्धगोल कानस घेतली आणि नडगीच्या बाजूने आतून वीस मिनिटं घासली. मग पॉलिश पेपर मारला. मग बोट फिरवलं. लोणी.

कुणाला बोलले नाही. यंत्राची लाज राखली, एवढंच समजायचं. उद्या बाई चालतील, पुतण्या कॉलर ताठ करेल, आणि मी आपली गप्प बसेन. मोठ्यांनी असंच करायचं असतं.

जेवताना बोटाला रक्त दिसलं. कानशीचा निसटता धक्का असेल. कळलंही नाही. कामात असलं की मला असलं काही कळत नाही. हल्लीच्या पोरांना कागदाची कड लागली तरी पट्टी हवी असते.

१४ फेब्रुवारी

बाई नवा पाय घालून दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा फेऱ्या चालल्या. म्हणाल्या, "मला पाय घातल्यासारखा वाटतच नाही." पुतण्याने ते मोबाइलवर चित्रित केलं. मी कौतुकाने मान हलवली. काय करणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी हेडबाई रिक्षातून उतरल्या त्या पाय हातात घेऊन. मोजा रक्ताने कडक झालेला. नडगीच्या टोकाशी जखम, नाण्याएवढी, आत खोल. आठ दिवस त्यावर चालल्या होत्या. काल रात्री मोजा कातडीला चिकटला तेव्हा दिसलं. भावाने त्यांना तसंच हॉस्पिटलात नेलं. ठेवून घेतलंय.

वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, पहिली गोष्ट मनात आली ती हीच, की मी सांगितलं होतं. नडगीच्या बाजूलाच. मी घासूनसुद्धा पुरलं नाही, एवढी ती वाटी मुळातच बिघडलेली.

पुतण्याला सगळ्यांसमोर म्हटलं, "कुठे गेले तुझे चार मिलिमीटर?" तो वाटी घेऊन आतल्या खोलीत गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा बोटाला चिंधी होती. कपाटात अडकवलं असेल. मला म्हणाला, "चूक यंत्राची आहे. म्हणजे माझीच. सोमवारी कंपनीला कळवतो, परत घेऊन जा म्हणून."

त्याचा चेहरा पाहवत नव्हता. पण पाहिला. माणूस शहाणा होतो तो असाच.

२४ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस पुढच्या सोमवारी यंत्र न्यायला येणार. पुतण्याने खोकी माळ्यावरून काढली. मी प्लास्टरची दोन पोती मागवली. भाऊ म्हणाला, "ताई, तुझंच खरं झालं." कुंपणावरून उतरला तो, पण जिंकलेल्या बाजूला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

कंपनीच्या माणसाला दोष दाखवून द्यावा म्हणून मी ती वाटी काढली. आत बोट फिरवलं, गुळगुळीत लागली. दोष तर दिसायला हवा. अण्णांची एक पद्धत होती. बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा हातावर चढवायचा आणि हात वाटीत फिरवायचा. बोटाला फसवता येतं, नायलॉनला नाही. केसाएवढा खडबडीतपणा असला तरी धागा अडकतो. मी मोजा चढवला. नडगीच्या बाजूला धागा अडकला. ओढला तर टर्रकन फाटला.

बॅटरी मारून पाहिलं. तिथे एक कड उभी आहे, ब्लेडसारखी. आणि तिच्या भोवती ओरखडे. यंत्राचे थर गोल फिरत जातात. हे थरांना छेदत तिरके उतरत आलेले, डावखुऱ्या हाताच्या कानशीचे. या दुकानात डावखुरी मी एकटी आहे.

उरलेली वाटी सगळीकडून नीट आहे. नडगीपाशी जागा आहे. मोजली मी. चार मिलिमीटर.

मोजा काढला तर मधल्या बोटाच्या टोकाला चीर, रक्त. पुन्हा बोट त्या कडेवर ठेवलं, मुद्दाम, दाबून. लोणी.

२७ फेब्रुवारी

दुकान उघडलं. दोन पट्टे शिवले. घरी आले.

२८ फेब्रुवारी

हॉस्पिटलातून निरोप आला की जखम पसरतेय. दोन-तीन दिवस बघतील, नाहीतर गुडघ्याच्या वरून कापावं लागेल. गुडघा गेला की वयाच्या सत्तरीत चालणं जवळजवळ संपलंच. हे मला कुणी सांगायला नको.

पुतण्या कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होता. मी म्हटलं, "सावकाश." तो म्हणाला, "हो." मला बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, यंत्र जातंय, जाऊ दे, त्यानंतर सांगते. किती नीच विचार हा. माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी असं केलं असतं तर त्याला मी दारात उभं केलं नसतं.

१ मार्च, शनिवार

हॉस्पिटलात गेले. हेडबाई खिडकीजवळच्या खाटेवर, चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होत्या. मी स्टुलावर बसले आणि सांगितलं. वाटी मी घासली. कुणाला न विचारता. कड राहिली, ती माझ्या बोटांना लागली नाही. माझ्या बोटांनाच काही लागत नाही, कधीपासून ते ठाऊक नाही.

बाईंनी चष्मा काढला. वर्तमानपत्राची घडी घातली.

"शाळेत चूक आपणहून कबूल करणाऱ्या मुलीला मी अर्धे मार्क देत असे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला देत नाही."

"नका देऊ."

"आठ दिवस झाले मला इथे येऊन. आज का?"

"बुधवारी कळलं."

"मग गुरुवार आणि शुक्रवार?"

मी स्टूल जरा मागे सरकवलं. त्या म्हणाल्या, "तो मुलगा रोज येतो. रोज माफी मागतो. मी त्याला काल नाही नाही ते बोलले. आता ते मी परत कसं घेऊ, सांगा."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. पट्टी बदलताना त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. तळव्याला भाजल्याचा फोड होता, मला माहीत नव्हता. ग्लासाचा असणार. त्यांनी विचारलं, "साखर कधी तपासलीत?" मी म्हटलं, "मला साखर नाही." त्या म्हणाल्या, "तपासल्याशिवाय कसं कळलं?" त्यावर हेडबाई हसल्या. खाटेवर पडून, पायाला नळी लावलेली असताना हसल्या. तो हक्क त्यांना होता.

२ मार्च, रविवार

पुतण्याला घरी बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे, आत्या."

"कधीपासून?"

"बाई जखम घेऊन आल्या त्याच दिवसापासून. वाटीत हात घातला आणि बोट कापलं. मग कॅमेऱ्याने वाटी आतून घेतली आणि मूळ चित्रावर ठेवून पाहिली. तुझी कानस स्वच्छ दिसते."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुझा हात गेलाय म्हणून? गावभर झालं असतं. चाळीस वर्षं लोक तुझ्या हाताकडे बघून येतात. यंत्र काय, पुन्हा घेता येईल."

मी जन्मभर माणसांना मूर्ख म्हणत आलेय, बहुतेक वेळा चवीसाठी. आज मनापासून म्हटलं. "मूर्खा, मी त्याच हाताने गेल्या आठवड्यात आणखी दोन वाट्या घासल्या. तू माझी अब्रू झाकत बसलास, आणि पाय कुणाचे जाणार होते? माझे?"

तो पांढराफटक पडला. हा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता. एवढं शिकलेला माणूस. आणि मला तरी बुधवारपर्यंत कुठे आला होता.

यंत्र परत जाणार नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मला आधीपासूनच वाटत होतं." त्याच्याकडे मी नुसतं पाहिलं.

५ मार्च

साखर तीनशे चाळीस, उपाशीपोटी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पाच-सात वर्षं तरी असावी. गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, आणि विचारलं, "पाय रोज बघता ना?" मी हो म्हटलं. वाकून तळवा बघायचा म्हणजे कंबर धरते, आणि माझे पाय मी ओळखते.

१२ मार्च

गेल्या सहा महिन्यांत माझ्या हाताखालून गेलेल्या एकोणीस वाट्या परत बोलावल्या. पुतण्याने फोन केले. त्याला वाटलं, काहीतरी गोड कारण सांगावं. मी म्हटलं, खरं सांग. एकोणीसांपैकी सतरा आले. नायलॉनचा मोजा घालून मी एकेक तपासली, त्याने कॅमेऱ्याने तपासली. तीन वाट्यांत धागा अडकला.

त्यातली एक पोस्टमनची. हा माणूस पाच महिने वाटीत कापूस कोंबून टपाल वाटतोय. मी विचारलं, "दुखत होतं तर आला का नाहीस?"

त्याने भावाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मागे एकदा आलो होतो. तुम्ही म्हणालात, पाय मी केलाय, दोष तुझ्या चालण्यात आहे."

"असं म्हटलं मी?"

"तसंच नाही. जरा जास्त."

दुसरा, बेकरीवाला, पुढे म्हणाला, "तुमच्याकडे तक्रार घेऊन यायचं म्हणजे आधी घरून अवसान बांधून निघावं लागतं." मग सगळेच हसायला लागले, दोन-चार जण तर पोट धरून. प्रत्येकाकडे माझं एकेक वाक्य होतं, जपून ठेवलेलं. भाऊही हसला. मी बसून ऐकलं. बोटांचं दोन-चार वर्षांचं असेल. तोंडाचं जुनं आहे.

२० मार्च

हेडबाईंची जखम भरू लागलीय. गुडघा वाचला. डॉक्टर म्हणतात, अजून महिनाभर पाय घालायचा नाही.

मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "पुढची वाटी मुलगा करेल. तुम्ही तिला शिवायचं नाही." मी बरं म्हटलं. "आणि समोर बसायचं." मी म्हटलं, "ते कशाला?" म्हणाल्या, "शिक्षा आहे."

२२ एप्रिल, मंगळवार

आज बाईंची नवी वाटी. मी समोर बाकावर बसले होते, हात मांडीवर. पुतण्याने आधी त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरला, हाड चाचपलं, मग कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं, मग वाटीत नायलॉनचा मोजा फिरवला. हे त्याला मी शिकवलं नाही. म्हणजे शिकवायला बसले नव्हते.

बाई उठल्या. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. मी टाच बघितली, गुडघा बघितला, खांदा पडतोय का बघितलं. दोष काढण्यात मी कमी पडत नाही. दहा फेऱ्या झाल्या. एकही सापडला नाही. माझ्या कुठल्याही वाटीवर त्या अशा चालल्या नव्हत्या, नऊ वर्षांत.

"बोला की," बाई म्हणाल्या.

"बोलण्यासारखं काही नाही."

"तेच बोला त्याला."

मी पुतण्याला म्हटलं, "बरी आहे." त्याने मान खाली घातली आणि उगीच स्क्रू आवळला.

मग बाई खुर्चीत टेकल्या आणि मला म्हणाल्या, "आता तुम्ही या इकडे. चपला काढा." मी म्हटलं, माझे पाय ठीक आहेत. त्या म्हणाल्या, "मी विचारलं नाही." चपला काढल्या. ज्या स्टुलावर गिऱ्हाइकं पाय ठेवतात, त्यावर ठेवले. पुतण्या बॅटरी घेऊन खाली बसला. उजवा पाय पाहिला, बोटांच्या मधे पाहिलं. डावा उचलला आणि थांबला.

टाचेत चुका होता. चामडं ठोकायचा बारका खिळा, आमचाच. पार डोक्यापर्यंत आत गेलेला, भोवती कातडी काळी. कधीचा, कुणास ठाऊक. त्यावर मी घरी गेले असेन, बाजारात गेले असेन, हॉस्पिटलच्या पायऱ्या चढले असेन.

हेडबाईंनी चष्मा लावला. भाऊ दुकानाबाहेर जाऊन रिक्षा शोधू लागला. पुतण्या म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊन काढू या." मी म्हटलं, "डोकं वर आहे, पकडीत येतंय. इथे काढ, मग जाऊ."

त्याने पकड स्पिरिटने पुसली. डाव्या हाताने टाच धरली, म्हणाला, "दुखलं तर सांग, आत्या," आणि ओढायला लागला. मी छताकडे बघणार होते, पण मग काहीच कळलं नसतं. म्हणून त्याच्याकडे बघत राहिले. त्याने ओठ दाबले, कपाळाला आठी घातली, डोळे बारीक केले, आणि मग त्याचा चेहरा एकदम सैल झाला. चुका निघाला हे मला त्यावरून कळलं.